पहिली टूरिंग कॅराव्हॅन कोणती घ्यावी? ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टर जवळ आला की ओळखीतल्या दोन-तीन घरांतून फोन येतो, "आम्हीही कॅराव्हॅन घ्यायचं म्हणतोय, कोणती घेऊ?" आम्ही आठ वर्षं कॅराव्हॅन ओढतोय. पहिली चुकीची घेतली, दुसरी विचार करून घेतली. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. इथले नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे आहेत.

टूरिंग कॅराव्हॅन म्हणजे नेमकी कोणती?

गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची ती टूरिंग. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं. स्टॅटिक एकदा पार्कात उभी केली की तिथेच राहते. टूरिंगचा मोठा फायदा म्हणजे साइटवर ती उभी करून तुम्ही गाडी घेऊन मोकळेपणाने फिरू शकता. दूध संपलं म्हणून अख्खं घर आवरून निघावं लागत नाही.

आधी कॅराव्हॅन पसंत करायची की आधी गाडी बघायची?

आधी गाडी. अगदी शंभर टक्के. लोक बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात जातात, आत शिरतात, मऊ सोफा आणि गुबगुबीत पलंग बघून हरखतात आणि सही करून येतात. घरी आल्यावर कळतं की आपली गाडी ती ओढूच शकत नाही.

दोन आकडे हवेत. पहिला, तुमच्या गाडीचं कर्बवेट, म्हणजे रिकाम्या पण रस्त्यावर यायला तयार असलेल्या गाडीचं वजन. ते गाडीच्या पुस्तिकेत मिळतं. दुसरा, कॅराव्हॅनचं सामानासकट कमाल वजन. त्याला इथे एमटीपीएलएम म्हणतात आणि ते दाराजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. इथले कॅराव्हॅन क्लब नवशिक्यांना सांगतात की दुसरा आकडा पहिल्याच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. गाडी १,५०० किलोची असेल तर कॅराव्हॅन १,२७५ किलोपर्यंत, १,४०० ची असेल तर १,१९० पर्यंत. हा कायदा नाही, सल्ला आहे. पण मागचं ओझं पुढच्या गाडीपेक्षा बऱ्यापैकी हलकं असलं की वाऱ्यात किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर गाडीचा ताबा राहतो, हे एकदा एम५ मोटरवेवर अनुभवलं की कुणी समजवावं लागत नाही.

कायद्याची मर्यादा वेगळी. गाडीच्या व्हीआयएन पट्टीवर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असलेल्या पट्टीवर, वजनाचे चार आकडे असतात. पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी आणि कॅराव्हॅन मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती ओढू शकते ते कळतं. दुसरा आकडाच नसेल किंवा तिथे शून्य असेल, तर ती गाडी ओढण्यासाठी नाही. काही छोट्या हॅचबॅक आणि हायब्रिड अशा असतात. सेल्समन काय म्हणतो यापेक्षा पट्टीवर काय लिहिलंय ते बघा.

पेलोड, पेलोड सगळे म्हणतात. ते काय?

एमटीपीएलएममधून रिकाम्या कॅराव्हॅनचं वजन वजा केलं की जे उरतं ते पेलोड, म्हणजे तुमच्या सामानासाठीची जागा, किलोमध्ये. हा आकडा लोक बघतच नाहीत, आणि इथेच आपली मंडळी फसतात.

समजा रिकामी १,०८० किलो आणि कमाल १,२३०. हातात आले १५० किलो. आता मोटर मूव्हर, म्हणजे कॅराव्हॅन गाडीशिवाय हलवायची मोटर, बसवला तर साधारण ३० किलो गेले. ऑनिंग, म्हणजे दारापुढे लावायचा तंबू, त्याचे २५. बॅटरीचे २२. भरलेलं गॅस सिलिंडर १५. (बॅटरी आणि गॅस काही कंपन्या रिकाम्या वजनातच धरतात, काही नाही. विचारून घ्या.) उरले ५८ किलो. त्यात चार जणांचे कपडे, अंथरुणं, खुर्च्या, टेबल, आणि मग आपला कुकर, तवा, परात, पाच किलो पीठ, तांदूळ, डाळी. आम्ही पहिल्या वर्षी बाथरूममधला वजनकाटा काढून एकेक पिशवी मोजली होती. नुसता स्वयंपाकाचा पसारा १९ किलो भरला. तेव्हापासून स्टीलचे डबे घरी आणि पीठ प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पाणी भरून नेऊ नका. एक लिटर म्हणजे एक किलो. साइटवर नळ असतोच.

प्रकार कोणकोणते आहेत? आमच्यासारख्या नवख्यांना कोणता?

सगळ्यात हलका टिअरड्रॉप. पाण्याच्या थेंबासारखा आकार, आत दोघांपुरती गादी, स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर उभ्याने. दोघे जण तरुण असाल आणि उन्हाळ्यातच जाणार असाल तर मजा येते. मुलं असतील तर नाही.

मग फोल्डिंग कॅम्पर आणि ट्रेलर टेंट. प्रवासात बसक्या पेटीसारखे, साइटवर उघडले की कापडी खोल्या. हलके, घराच्या ड्राइव्हवर मावतात, जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. पण ओलं कापड घडी करून घरी आणलं की ते वाळवायला जागा लागते. इथल्या पावसात ते नेहमीचंच. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

वर सरकणाऱ्या छपराच्या म्हणजे पॉप-टॉप कॅराव्हॅनमध्ये जर्मन एरिबा सर्वांत ओळखीची. १९५० च्या दशकापासून बनतेय आणि आजही तिचा गोलसर आकार ओळखू येतो. अरुंद, बुटकी, वारा कमी अडवते, छोट्या गाडीलाही झेपते. जोडप्याला फार छान. जुनीलाही भाव चांगला येतो, त्यामुळे स्वस्तात मिळेल अशी आशा धरू नका.

आणि मग नेहमीची, पूर्ण भिंतींची कॅराव्हॅन. स्विफ्ट, बेली, कोचमन, एल्डिस या ब्रिटिश, ॲड्रिया स्लोव्हेनियाची. बेली ब्रिस्टलची, १९४७ पासूनची. ब्रिस्टलचं आणि कॅराव्हॅनचं नातं त्याहून जुनं आहे. हौसेने भटकण्यासाठी म्हणून बांधलेली पहिली कॅराव्हॅन, 'द वाँडरर', १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने ब्रिस्टलच्याच कारखान्यातून करून घेतली होती. दोन घोडे ती ओढायचे. मला ही गोष्ट आवडते, कारण सुट्टीला आपलं घर सोबत नेण्याची हौस किती जुनी आहे ते त्यातून दिसतं.

दोन मुलं असलेल्या कुटुंबाने पहिल्या वेळी पूर्ण भिंतींची, सिंगल ॲक्सल (चाकांची एकच जोडी असलेली), चार बर्थची, १,३०० किलोच्या आतली वापरलेली कॅराव्हॅन घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. गाडीला झेपत असेल तरच, हे पुन्हा सांगते.

ट्विन ॲक्सल जास्त स्थिर असते म्हणतात. तीच का घेऊ नये?

रस्त्यावर स्थिर असते, खरं आहे. पण जड असते, टायर चार घ्यावे लागतात, हाताने ढकलून वळवता येत नाही, आणि काही साइट ट्विन ॲक्सल घेत नाहीत. पहिल्या वेळी नको.

चार बर्थ म्हणजे चार जण आरामात झोपतील ना?

झोपतील. आरामात की नाही ते आतल्या मांडणीवर आहे, आणि मांडणी हाच निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. "चार बर्थ" हा शब्द झोपणाऱ्यांची संख्या सांगतो. रात्री दोन वाजता बाथरूमला जायला कुणाला कुणाच्या अंगावरून जावं लागेल, ते सांगत नाही.

मुख्य फरक हा की पलंग कायमचा आहे की रोज मांडायचा. समोरासमोरच्या सोफ्यांमधून फळ्या ओढून, गाद्या जुळवून केलेला पलंग दिवसा मोडला की बसायला ऐसपैस जागा होते. दोघांसाठी ही मांडणी उत्तम, मागच्या भिंतीला पूर्ण रुंदीची बाथरूम मिळते. कायमचा पलंग हवा असेल तर तो कोपऱ्यातला, एक कोपरा कापलेला असतो, ज्याला इथे फ्रेंच बेड म्हणतात. त्यात आतल्या बाजूच्या माणसाला दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं. आयलंड बेडला दोन्ही बाजूंनी उतरता येतं, पण त्यासाठी कॅराव्हॅन लांब आणि जड होते. मुलांसाठी मागे बंक, म्हणजे एकावर एक पलंग, असलेली मांडणी मिळते. मुलं आठ वाजता पडदा ओढून झोपतात आणि पुढचा सोफा तुम्हाला मोकळा राहतो. लहान मुलांच्या घरात मी याच मांडणीला पहिला मान देईन.

आता भारतातून आई-बाबा येतात तेव्हाचा प्रश्न. बंकवर सत्तरीची माणसं चढणार नाहीत. फ्रेंच बेडमधून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरता येत नाही. माझ्या सासूबाई पहिल्या सहलीला आल्या तेव्हा त्यांना आतली बाजू दिली. रात्री मामंजींना उठवायला नको म्हणून त्या पहाटेपर्यंत बाथरूमला गेल्याच नाहीत आणि सकाळी कुणाला काही बोलल्याही नाहीत. मला ते दोन दिवसांनी कळलं. फार वाईट वाटलं. आमच्या दुसऱ्या कॅराव्हॅनमध्ये पुढचे दोन सोफे न जोडता तसेच दोन सिंगल पलंग म्हणून वापरता येतात, कारण ते सहा फूट लांब आहेत. जुन्या आणि छोट्या कॅराव्हॅनमध्ये ते पाच-सव्वापाच फुटांचेही असतात. टेप घेऊन जा, मोजा, आणि दुकानात बूट काढून खरोखर आडवे व्हा. लाजू नका.

सहा बर्थची घेण्याआधी एवढंच बघा की गाडीत सीटबेल्ट किती आहेत. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणालाही बसवता येत नाही, कायद्याने बंदी आहे.

आपला स्वयंपाक आत जमतो का?

जमतो, थोडं बघून घ्यावं लागतं. ब्रिटिश कॅराव्हॅनमध्ये बहुधा तीन गॅसच्या शेगड्या आणि एक विजेची, शिवाय ओव्हन आणि ग्रिल असतं. युरोपातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये ओव्हन नसतो. आपल्याला ओव्हनची फारशी गरज नाही, पण शेगड्यांमधलं अंतर बघा. आमच्या पहिल्या कॅराव्हॅनमध्ये कुकर ठेवला की तव्याला जागाच राहत नव्हती. घरचा तवा आणि कुकर पिशवीत घालून बघायला जा आणि शेगडीवर ठेवून बघा.

फोडणी आत करू नका. छत डोक्यापासून फूटभर, तेलाची वाफ गाद्यांच्या कापडात बसते आणि धुराचा अलार्म लगेच वाजतो. आम्ही बाहेर, वाऱ्याला आडोसा लावून, छोट्या शेगडीवर फोडणी आणि तळण करतो. पण बंद ऑनिंगमध्ये शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवणं जिवावर बेतू शकतं. कोळसा विझल्यासारखा दिसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो आणि त्याला वास नसतो. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म चालतात की नाही हे बटण दाबून बघितल्याशिवाय मी निघत नाही.

विजेचंही गणित आहे. साइटच्या हुक-अपवर, म्हणजे कॅराव्हॅनला वीज जोडायच्या खांबावर, १६ अँपिअर मिळाले तर साधारण ३,६०० वॅट, काही ठिकाणी १० अँपिअरच, म्हणजे २,३००. घरची किटली एकटीच ३,००० घेते. हीटर चालू असताना ती लावली की वीज गेलीच. कमी वॅटची किटली घ्या किंवा चहा गॅसवर ठेवा. आपला चहा तसाही उकळूनच होतो.

लायसन्स कोणतं लागतं?

ग्रेट ब्रिटनमधलं साधं कार लायसन्स. १ जानेवारी १९९७ नंतर पास झालेल्यांना पूर्वी जड ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा लागायची, ती १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द झाली. आता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, त्यामुळे आधी इथली परीक्षा द्या. परीक्षेची सक्ती गेली तरी शिकण्याची गरज गेलेली नाही. दोन्ही मोठे क्लब, कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब, ओढण्याचे वर्ग घेतात. मी नवऱ्याआधी तो वर्ग केला. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे वाचून कळतं, हाताला कळायला मैदानात दोन तास लागतात.

वेग किती? आरसे वेगळे लागतात का?

सिंगल कॅरेजवेवर ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०, अर्थात फलकावर त्याहून कमी लिहिलं नसेल तर. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन तुमची नाही. कॅराव्हॅन गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर जोड-आरसे लावावेच लागतात, नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट होऊ शकतात. सॅटनॅव्हच्या भरवशावरही जाऊ नका. नॉर्थ यॉर्कशरमध्ये ए१७० वरच्या सटन बँकच्या चढावर कॅराव्हॅनना बंदी आहे, आणि लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास तर विसराच.

नोजवेट म्हणजे?

कॅराव्हॅनचं नाक गाडीच्या टोबारवर, म्हणजे ती जोडायच्या मागच्या दांड्यावर, किती जोर देतं ते. साधारणपणे भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के असावं. १,२३० किलोला ६२ ते ८६. पण गाडीची मर्यादा ७५ असेल तर ७५ च्या वर जाता येत नाही. पुढच्या पेटीत सगळं कोंबलं की ते वाढतं, मागे कोंबलं की नाक हलकं होऊन कॅराव्हॅन सापासारखी वळवळते. जड सामान खाली, चाकांच्या वर ठेवा. वळवळायला लागलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

आमची गाडी इलेक्ट्रिक आहे.

प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीला ओढण्याची परवानगी नसते, गाडीची व्हीआयएन पट्टी बघा. परवानगी असली तर हलकी आणि बुटकी कॅराव्हॅन निवडा, कारण मागे उंच भिंत आली की रेंज निम्म्यावर येऊ शकते. बऱ्याच चार्जरजवळ कॅराव्हॅन सोडल्याशिवाय गाडी लावताच येत नाही, तोही वेळ धरा.

नवी घ्यावी की वापरलेली?

वापरलेली. पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला खरं काय हवं ते कळतं आणि बहुतेक लोक तेव्हा बदलतात. नवी घेऊन बदलली तर घसारा मोठा बसतो.

पण वापरलेल्याचा एक मोठा शत्रू आहे, ओल. पाणी छताच्या कडेच्या किंवा खिडकीच्या सांध्यातून आत जातं आणि भिंतीत मुरतं. वरून काहीच दिसत नाही. आमच्या पहिल्या कॅराव्हॅनच्या बाबतीत हेच झालं. एका गृहस्थाकडून घेतली, आत लिंबाच्या सुगंधाचा फवारा मारलेला होता, सगळं लख्ख होतं. दोन महिन्यांनी मी पुढच्या सोफ्याखालची पेटी उघडली, आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबला, आणि भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. दुरुस्तीला जे सांगितलं ते कॅराव्हॅनच्या किमतीच्या निम्मं होतं.

म्हणून बघायला जाताना सुगंध जोरात येत असेल तर सावध व्हा. शक्यतो पावसानंतर जा. प्रत्येक कपाट उघडा, गाद्या उचला, खिडक्यांखाली, बाथरूमच्या कोपऱ्यांत, छत आणि भिंतीच्या सांध्यावर अंगठ्याने दाबा. ओलीचं मीटर स्वस्तात मिळतं. १५ टक्क्यांच्या आत चांगलं, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर असेल तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. दर वर्षीच्या सर्व्हिसचे कागद मागा, त्यात ओलीचे आकडे लिहिलेले असतात.

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅराव्हॅन फार चालत नाही, त्यामुळे नक्षी नवीन दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. टायरवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सात वर्षांहून जुने असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. १९९२ नंतरच्या बहुतेक ब्रिटिश कॅराव्हॅनच्या काचांवर १७ अंकी-अक्षरी क्रमांक कोरलेला असतो. तो क्रिस या कॅराव्हॅन नोंदणीकडे तपासला की चोरीची आहे का, कर्ज बाकी आहे का ते कळतं.

ठेवायची कुठे?

घराच्या ड्राइव्हवर ठेवायची असेल तर घराची डीड आधी वाचा, नव्या वसाहतींमध्ये बऱ्याचदा मनाई असते. नाहीतर स्टोरेज. कासोआ या कॅराव्हॅन स्टोरेजवाल्यांच्या संघटनेच्या जागांना सुरक्षिततेनुसार सोनं, चांदी, ब्राँझ असे दर्जे असतात आणि विमा कंपन्या ते विचारतात. गाडीचा विमा कॅराव्हॅनच्या स्वतःच्या नुकसानीला आणि चोरीला पुरत नाही. तिचा विमा कायद्याने सक्तीचा नसला तरी घ्याच.

दिवाळीत किंवा फेब्रुवारीत गेलो तर थंडी सोसेल का?

हीटिंग चांगलं असेल तर मस्त सोसते. गॅस मात्र प्रोपेन घ्या, लाल सिलिंडरचा. निळ्यातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, आणि नेमका पहाटे हीटर बंद पडतो.

टॉयलेट रिकामं कोण करतं?

तुम्हीच. कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची टाकी, बाहेरून दार उघडून निघते, साइटवर त्यासाठी वेगळी जागा असते. पाच मिनिटांचं काम.

घेण्याआधी एकदा अनुभव कसा घ्यावा?

भाड्याने. काही जण कॅराव्हॅन साइटवर आणून, लावून देतात, तुम्ही फक्त जायचं. आणि जा तेव्हा पाऊस असलेला वीकेंड मुद्दाम निवडा. मुलांसकट दोन दिवस आत बसून कसं वाटतं, ते एकदा अनुभवलेलं बरं.

पहिली सहल कुठे करावी?

घरापासून तासाभरावर, दोन रात्री, हुक-अप आणि खडी टाकलेली जागा असलेली साइट. क्लबच्या सदस्यांना शेतावरच्या पाच कॅराव्हॅनपुरत्या लहान साइटही मिळतात. त्या शांत आणि स्वस्त असतात, पण पहिल्यांदा मोठ्या साइटवर जा, अडलं तर शेजारी मदतीला येतात. उजेडात पोहोचा. आधी दोन्ही बाजूंनी सपाट करा, मग चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडा. वीज जोडा, गॅस उघडा. पाण्याचं पिंप ४० लिटरचं असतं, भरून जमिनीवरून लोळवत आणता येतं. आमच्याकडे ते काम मुलांचं आहे, आणि ती परत येईपर्यंत मी चहाचं आधण ठेवलेलं असतं, घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याचं.